फौज मुदत मिळवून देते

१५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान काबूलमध्ये शिरले, तेव्हापासून काही माजी सेनाधिकारी आणि मुत्सद्दी एक युक्तिवाद सातत्याने मांडत आले आहेत: अमेरिकेने निघायची घाई केली, काही हजार सैनिक आणखी काही वर्षे ठेवले असते, तर अफगाणिस्तान सावरला असता. पुराव्यापुढे हा युक्तिवाद टिकत नाही. सैनिक कमी पडले म्हणावे, तर २०११ च्या सुमारास एकट्या अमेरिकेचे तिथे जवळपास एक लाख सैनिक होते. पैसा कमी पडला म्हणावे, तर पुनर्बांधणीवरचा अमेरिकेचा खर्च १४० अब्ज डॉलरच्या पुढे गेला आणि त्यातला निम्म्याहून अधिक अफगाण सुरक्षा दलांवरच झाला. फेब्रुवारी २०१० मध्ये हेल्मंद प्रांतातल्या मार्जावर मोठी मोहीम निघाली. लष्कराने गाव मोकळे करायचे आणि मागोमाग तयार प्रशासन आणून बसवायचे, असा तिथल्या फौजांचे अमेरिकी सेनापती जनरल मॅकक्रिस्टल यांचा बेत होता. गाव ताब्यात आले. लोकांचा विश्वास बसेल असे प्रशासन काही उभे राहिले नाही. अमेरिकेच्याच सरकारी लेखातपासनिसांनी २०१८ मध्ये नोंदवले की, अशा भागांतले यश परकी सैनिक आणि अधिकारी तिथे असेपर्यंतच बहुधा टिकले. शेतजमिनीच्या वादाचा निवाडा सैनिक करू शकत नाही. सरकारी न्यायालयात लाच आणि दिरंगाई, तर तालिबानच्या न्यायासनापुढे झटपट निकाल, अशी स्थिती असताना अनेक खेडुतांनी दुसरी वाट धरली. चौक्या वाढवून ही वाट बंद होणार नव्हती.

मूळ दोष पाठवलेल्या फौजेच्या संख्येत शोधू नये. तो डिसेंबर २००१ च्या बॉन परिषदेत आहे. त्या परिषदेला तालिबानमधले कोणीच नव्हते. त्याच दिवसांत कंदाहारजवळ त्यांचे काही नेते अंतरिम सरकारचे नियोजित प्रमुख हमीद करझाई यांच्याशी शरणागतीच्या अटी बोलत होते, आणि अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी अशा तडजोडीला ठाम नकार दिला. बॉन परिषद चालवणारे संयुक्त राष्ट्रांचे दूत लखदर ब्राहिमी यांनी तालिबानला बाहेर ठेवणे ही चूक होती, असे पुढे जाहीरपणे मान्य केले. हरलेला पक्ष सर्वांत दुबळा होता तेव्हा त्याच्याशी बोलणी नाकारली आणि तो बलवान झाल्यावर, फेब्रुवारी २०२० मध्ये, दोह्यात करार केला. तोही काबूलच्या सरकारला बाजूला ठेवून. फौजेने वीस वर्षांची मुदत मिळवून दिली होती. राजकारणाने ती वाया घालवली.

याचा अर्थ सैन्य निरुपयोगी ठरते असे मात्र नाही, आणि युद्धविरोधकांचा हा उलटा निष्कर्ष मला तितकाच अमान्य आहे. सिएरा लिओनकडे पाहा. जुलै १९९९ च्या लोमे करारात बंडखोर आरयूएफला माफी, सत्तेत वाटा आणि त्यांचा म्होरक्या फोडे सांकोह याला थेट खनिजांवरचा अधिकार मिळाला. तडजोड उदार होती, पण ती पाळायला लावणारी ताकद नव्हती. मे २००० मध्ये बंडखोरांनी संयुक्त राष्ट्रांचे सुमारे ५०० शांतिसैनिक ओलीस धरले. कैलाहूनला वेढ्यात अडकलेल्या दोनशेहून अधिक भारतीय जवानांना जुलैत ‘ऑपरेशन खुकरी’ने सोडवले, त्या वेळी तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे नेतृत्व भारताच्या मेजर जनरल विजय जेटली यांच्याकडे होते. ब्रिटनची तुकडी फ्रीटाउनमध्ये उतरली, संयुक्त राष्ट्रांची फौज सुमारे १७ हजारांवर नेली गेली, गिनीच्या सैन्याने सीमेवर बंडखोरांना जबर मार दिला. मग पुन्हा वाटाघाटी झाल्या, ७० हजारांहून अधिक लढवय्यांनी शस्त्रे टाकली आणि जानेवारी २००२ मध्ये युद्ध संपल्याचे जाहीर झाले. २००५ च्या अखेरीस फौज परतली. तरी २००७ मध्ये सत्ता मतपेटीतून विरोधी पक्षाकडे शांतपणे गेली.

यावर आक्षेप येतो की सिएरा लिओन छोटा देश आहे, आणि तालिबानला पाकिस्तानात आसरा होता. आसरा आरयूएफलाही होता. लायबेरियाचे अध्यक्ष चार्ल्स टेलर हिऱ्यांच्या बदल्यात त्यांना शस्त्रे पुरवत. २००१ मध्ये सुरक्षा परिषदेने लायबेरियाच्या हिऱ्यांवर बंदी घालून ती रसद आवळली. पाकिस्तानला मात्र अमेरिका त्याच काळात अब्जावधी डॉलरची मदत देत राहिली. दुसरा आक्षेप इराकचा: २००७ मध्ये तिथे जादा फौज गेल्यावर हिंसा घटली. खरे आहे, पण अन्बारच्या सुन्नी टोळ्या २००६ पासूनच अल कायदाविरुद्ध उलटू लागल्या होत्या. त्यांच्या लढवय्यांना सरकारी सेवेत सामावून घेण्याचे वचन बगदादने पुरते पाळले नाही, आणि जून २०१४ मध्ये मोसुल आयसिसच्या हाती पडले.

सर्वांत गंभीर आक्षेप नैतिक आहे. आरयूएफसारख्या, माणसांचे हात तोडणाऱ्यांना राजकारणात जागा द्यायची का? हा प्रश्न टाळता येत नाही आणि लोमेने दिलेली सरसकट माफी मी समर्थनीय मानत नाही. पण जागा संघटनेतल्या सामान्य माणसांना द्यायची असते, गुन्हेगार म्होरक्यांना नव्हे. सांकोह पकडला गेला आणि विशेष न्यायालयाचा आरोपी म्हणून २००३ मध्ये कोठडीतच मेला. टेलर यांना २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली. शस्त्रे टाकून पक्ष झालेल्या आरयूएफने २००२ ची निवडणूक लढवली आणि त्या पक्षाला संसदेत एकही जागा मिळाली नाही. बंडखोरांना नाकारण्याचे काम तिथे मतदारांनी केले, आणि मतदान केंद्रापर्यंत जाण्याइतकी सुरक्षितता त्यांना त्या १७ हजार सैनिकांनी दिली होती.