दवाखाना उभारला कुणी, चालवला कुणी?



ख्रिस्ती मिशनच्या शाळेचा किंवा दवाखान्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच बोल ऐकू येतात. कुणी म्हणतो, ‘देवमाणसे हो!’ कुणी म्हणतो, ‘सेवा कसली, धर्म बदलायचे जाळे!’ आम्हांला दोन्ही बोल अपुरे वाटतात. म्हणून आज आपल्या वऱ्हाडातल्याच एका संस्थेकडे डोळे उघडे ठेवून पाहू.

वाशीम हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा. इंग्रजी अमदानीत त्याला बासीम म्हणत. तेव्हाही तो स्वतंत्र जिल्हा होता, पण १९०५ साली मोडून अकोल्याला जोडला गेला. पलीकडे हिंगोलीच्या बाजूला निजामाचा मुलूख. अशा आडबाजूच्या गावी चर्च ऑफ द नाझरीन या अमेरिकन पंथाने आपले काम आणले. १९३६ साली डॉ. ऑर्फा स्पायकर ही तरुण डॉक्टरीण भारतात आली आणि १९३८ साली एका जुन्या शाळेच्या इमारतीत तिने दवाखाना सुरू केला. पंथाचे ज्येष्ठ नेते हायरम रेनॉल्ड्स यांच्या नावाने तो ‘रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल’ झाला. बाईंनी आयुष्याची सुमारे ४० वर्षे या कामाला दिली.

त्या काळी बाईमाणूस डॉक्टर असण्याचे मोल काय होते, हे आपल्या आज्यांना विचारावे. परपुरुषापुढे दुखणे सांगायचे नाही, बाळंतपण घरातच उरकायचे, अडली तर नशिबाला दोष द्यायचा. अशा घरांतल्या बायकांना डॉक्टरीणबाई भेटली, ही लहान गोष्ट नव्हती.

पण एकटी डॉक्टर दवाखाना चालवू शकत नाही. रात्रभर उशाशी बसणारे, जखम धुणारे, मळलेली चादर बदलणारे हात लागतात. ते कुठून आणायचे? परक्याचे रक्त, पू, विष्ठा यांना हात लावणे म्हणजे विटाळ, अशी तेव्हा उच्चवर्णीय घरांची समजूत होती. लेकीला नर्स करणे त्यांना कमीपणाचे वाटे. म्हणून या पेशात पुढे आल्या त्या बहुतांशी ख्रिस्ती घरांतल्या मुली. वाशीमलाही दवाखान्याला जोडून नर्सिंगचे शिक्षण सुरू झाले. आमच्या मते या संस्थेचे सर्वांत टिकाऊ काम हेच. इमारत जुनी होते, परदेशी डॉक्टर मायदेशी जातात. पण शिकलेली मुलगी इथेच राहते आणि चार घरे सावरते.

आता आक्षेपांकडे वळू. वऱ्हाड मध्य प्रदेशात होते तेव्हा, १९५४ साली, तिथल्या सरकारने मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी समिती नेमली. नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी तिचे अध्यक्ष. शाळा, दवाखाने आणि अनाथालये यांचा उपयोग धर्मांतरासाठी होतो, असा ठपका समितीने १९५६ साली ठेवला. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला याच नियोगींनी बौद्ध धम्म स्वीकारला! माणसाने धर्म बदलावा की नाही, हा वाद त्यांच्यापुरता तरी मिटला होता. प्रश्न उरतो तो एवढाच, की बदल समजून-उमजून केला की औषधाच्या बाटलीपायी?

बाबासाहेबांचा आक्षेप मात्र वेगळा आणि अधिक खोल होता. मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांच्या कामाची त्यांनी कदर केली. पण त्या खर्चाचा मोठा लाभ स्पृश्य हिंदूंच्या पदरी पडतो आणि अस्पृश्यांतून आलेला गरीब ख्रिस्ती मागेच राहतो, जातही त्याचा पिच्छा सोडत नाही, हे त्यांनी रोखठोक लिहून ठेवले. म्हणजे सेवा झाली, पण कुणाची?

हाच प्रश्न आपण प्रत्येक संस्थेला विचारावा. मग ती चर्चची असो, सरकारची असो वा आपल्याच समाजाची. दारात आलेल्याला जात-धर्म न विचारता औषध मिळते काय? सर्वांत गरिबाच्या मुलीला तिथे शिकायला जागा आहे काय? आणि उभारणारे निघून गेल्यावर कारभार स्थानिकांच्या हाती येतो काय? तिन्ही उत्तरे ‘होय’ असतील, तर ती संस्था कुणाची हे विचारण्याचे कारण नाही.

माता-भगिनींना शेवटी एकच सांगणे. बारावी झालेली मुलगी घरात असेल तर तिच्या लग्नाची घाई करू नका. ए.एन.एम. दोन वर्षांचे, जी.एन.एम. तीन वर्षांचे, चौकशी तर करा. ज्या कामाला कधी विटाळ म्हटले गेले, त्याच कामावर आज घर उभे राहते आणि गावही जगते.