कडी काढण्याआधी

आमच्या घरी अक्षरजुळणीचं काम चालतं. एकाच लग्नपत्रिकेत अर्धी मराठी, अर्धी कन्नड. आपल्याकडे दोन्हीकडचे पाहुणे असतात ना! संगणक टिळकवाडीत, छपाई हुबळीला. फाइली पाठवायला छापखान्याने ‘एफटीपी’ची सोय करून दिली होती. नाव घालायचं, पासवर्ड घालायचा, फाइल सोडायची. कित्येक वर्षं बिनघोर चाललं.

एके सकाळी पाहते तर तिथला आमचा कप्पा रिकामा! तीन पत्रिका गेल्या, आणि एका आजोबांच्या आठवणींचं १२० पानांचं पुस्तकही. पत्रिका पुन्हा जुळवता येतात. पण आजोबा दिवाळीआधीच गेले होते. शेवटच्या दुरुस्त्या त्यांनी माझ्याशेजारी बसून सांगितल्या होत्या, आणि फाइल पोचली म्हणून मी संगणकावरची पुसून टाकली होती. माझ्या पोटात गोळाच आला. नशीब, आमच्या ह्यांनी पेनड्राइव्हवर एक प्रत ठेवली होती.

कुणी पुसलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण धारवाडची आमची सून संगणकातली. तिने बघितलं आणि कपाळावर हात मारला. “अत्ती, साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो. पोस्टकार्डावर लिहून पाठवल्यासारखा. वाटेत कुणीही वाचावा!”

मी म्हटलं, “मग अशी पद्धत काढलीच कशाला?” तेव्हा तिने सांगितलेली गोष्ट मला फार आवडली. एफटीपीचा पहिला आराखडा १९७१ साली आपल्याच देशातल्या माणसाने लिहिला, अभय भूषण यांनी. कानपूर आयआयटीत शिकून ते अमेरिकेत एमआयटीत गेले होते. त्या वेळी जोडलेले संगणक अगदी मोजके. वाड्यात सगळे ओळखीचे असले की दाराला कडी कोण लावतं?

पुढे वाड्याचं गाव झालं, गावाचं जग झालं. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकीजवळच्या एका विद्यापीठाच्या जाळ्यात पासवर्ड चोरले गेले. तिथल्या तातु युलोनेन यांनी त्यावर ‘एसएसएच’ ही कुलूपबंद वाट तयार केली. त्याच वाटेने फाइल नेणारी पद्धत म्हणजे ‘एसएफटीपी’. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी तर २०२१ मध्ये जुन्या एफटीपीला रजाच दिली.

आता आम्ही ‘विनएससीपी’ वापरतो. ‘फाइलझिला’ही चालतं. दोन्ही फुकट. मात्र ती त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावीत, जाहिरातीच्या दुव्यावरून नव्हे. जोडताना यादीतून ‘एसएफटीपी’ निवडायचं. छापखान्याकडे ती सोय नसेल तर मागून घ्यायची. पासवर्ड वेगळा ठेवायचा. आणि पलीकडून “मिळालं, उघडलं” असं कळेपर्यंत घरची प्रत पुसायची नाही.

पहिल्यांदा जोडताना पडद्यावर अक्षर-आकड्यांची एक ओळ आली आणि ‘विश्वास ठेवायचा का?’ असा प्रश्न. मी ‘हो’ दाबणार, तोच सुनेने हात धरला. “ती पलीकडच्या संगणकाची ओळख आहे, अत्ती. आधी फोन करून ताडून बघा. आणि पुढे कधी ती ओळ बदलली म्हणून इशारा आला, तर तिथंच थांबा.”

मला एकदम सासूबाई आठवल्या. शहापूरच्या घरी कडी वाजली की त्या आतूनच विचारायच्या, “कोण आहे? यार री?” दोन्ही भाषांत! ओळखीचा आवाज आला तरच दार उघडायचं. नुसती कडी घालून भागत नाही, बाहेर कोण उभं आहे तेही विचारावं लागतं.

मी छापखान्याला फोन लावला. तिकडून एकेक अक्षर वाचून दाखवलं, इकडे मी बोट ठेवत गेले. सगळं जुळलं. मगच ‘हो’ दाबलं, आणि पहिलं पाठवलं ते आजोबांचं पुस्तक.