आमचा अंगठा, आमचं नाव

आम्ही तासगाव तालुक्यातली माणसं. द्राक्षबागायतदार, बेदाण्याच्या सौद्यातले हमाल, शेडवर बेदाणा निवडायला जाणाऱ्या बाया, सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी तामिळनाडू-केरळात राहिलेल्या पोरांचे आईबाप, कॉलेजात शिकणाऱ्या मुली. आम्ही जाहीर करतो की आमचं नाव, आधार क्रमांक, अंगठा, फोटो आणि सातबाऱ्याला जोडलेली सगळी माहिती आमची आहे. ती कुणाला, कशासाठी आणि किती दिवसांसाठी द्यायची, हे यापुढं आम्ही ठरवणार.

हा हक्क आम्हाला कुणाकडून मागून घ्यायचा नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच तो भाग आहे. निकाल लागून वर्षं लोटली. तो अजून आमच्या गावातल्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत पोचलेला नाही, आणि आमची चळवळ तिथूनच सुरू होते.

कारण माहिती फुटते ती तिथं. आपण दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर आधारची, पॅनची, पासबुकाची फाइल पाठवतो, तो प्रिंट काढून देतो, आपण पाच-दहा रुपये देऊन निघतो. फाइल मात्र त्याच्या संगणकावर राहते, वर्षानुवर्षं. ई-सेवा केंद्रात गर्दी असली की ‘ओटीपी काय आला?’ असं भर माणसांत विचारतात आणि म्हातारी बाई तो मोठ्यानं वाचून दाखवते. लॉजला झेरॉक्स, पतसंस्थेत जामीन राहायचं तर तीन झेरॉक्स. अवकाळीच्या अनुदानाची यादी गावच्या ग्रुपवर पडते आणि दुपारपर्यंत चार तालुक्यांत फिरते. यातलं काहीही दूरच्या कुठल्या हॅकरनं केलेलं नसतं. आपल्याच ओळखीच्या माणसांनी, कुठलाही वाईट हेतू नसताना, केलेलं असतं.

मग पुढं काय होतं, ते शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात दिसलं. २०२४ साली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आली. तिथल्या एका माणसानं स्वतःच्या बायकोचे निरनिराळे फोटो लावून आणि दुसऱ्यांचे आधार क्रमांक घालून तीसच्या आसपास अर्ज भरल्याचं प्रकरण पोलिसांत गेलं. ते उघडकीला आलं कसं? नवी मुंबईतली एक बाई अर्ज भरायला गेली आणि तिच्या क्रमांकावर आधीच अर्ज भरलेला निघाला. ती गेलीच नसती, तर आपल्या नावानं दुसरंच कुणी वावरतंय हे तिला कळलंही नसतं. एक रुपयातल्या पीक विम्याचंही तेच झालं. परक्याच्या सातबाऱ्यावर, सरकारी जागेवर विमे उतरवले गेले, लाखो अर्ज बोगस निघाले आणि २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची सवलतच गेली. चोरी दुसऱ्यांनी केली, सवलत प्रामाणिक शेतकऱ्याची गेली.

म्हणून आमचं पहिलं म्हणणं असं: फसलेल्या माणसाला शहाणपण शिकवणं बंद करा. ‘तू ओटीपी दिलासच कशाला?’ हा प्रश्न घरात, बँकेत, चौकीत सगळीकडं पहिल्यांदा विचारला जातो. ज्याच्याकडून माहिती फुटली, त्याला कुणीच काही विचारत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार त्रयस्थाच्या गैरप्रकारानं पैसे गेले आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर नुकसान ग्राहकावर टाकता येत नाही. पण ‘ग्राहकाची चूक’ म्हटलं की दार बंद. ज्या भामट्याला आपलं नाव, बँक, हप्ता, मुलाची शाळा सगळं माहीत असतं, तो विश्वासानं बोलतो. त्याच्या बोलण्याला फसणं ही चूक कशी? त्याच्यापर्यंत आपली माहिती गेली, तिथं चूक झालेली असते.

लाजेपोटी माणसं गप्प बसतात, आणि या गुन्ह्यात गप्प बसण्याची किंमत मिनिटांत मोजतात. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतात. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन गेला तर मधल्या खात्यात ते गोठवता येतात. सकाळी कुणाला तरी विचारून बघू म्हणेपर्यंत ते एटीएममधून निघालेले असतात.

अंगठ्याचं दुखणं याहून खोल आहे. बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि अंगठा एवढ्यावर गावातल्या बँक मित्राकडं पैसे निघतात, ओटीपी लागत नाही. बँकेत जायला एसटीची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी ही सोय चांगलीच आहे, ती बंद करा असं आम्ही म्हणत नाही. पण जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून, त्यांचे सिलिकॉनचे साचे करून लोकांची खाती रिकामी केल्याचे प्रकार हरियाणा आणि तेलंगणातल्या पोलिसांनी उघडकीला आणले आहेत. पासवर्ड गेला तर बदलता येतो. अंगठा कुठून बदलणार? राबून बोटं झिजलेल्या बाईचा अंगठा रेशन दुकानात उठत नाही म्हणून तिला परत पाठवतात, आणि तिच्याच अंगठ्याची नक्कल मात्र चालून जाते. हे आम्हाला सहन होत नाही. आधारच्या ॲपवर अंगठा आणि डोळ्यांची ओळख कुलूपबंद करता येते, लागेल तेव्हा थोड्या वेळापुरती उघडता येते. हे तालुक्यातल्या किती घरांना कुणी समजावून सांगितलं?

खुद्द आधार प्राधिकरणाच्या एका विभागीय कार्यालयानं मे २०२२ मध्ये सांगितलं होतं की आधारची झेरॉक्स वाटेल तिथं देऊ नका, पहिले आठ आकडे झाकलेलं आधार द्या. दोन दिवसांत ते पत्रक मागं घेतलं गेलं. आम्ही ते मागं घेत नाही. जिथं ओळख पटवण्यापुरतं काम आहे, तिथं आम्ही झाकलेलं आधारच देणार आणि प्रत्येक झेरॉक्सवर आडवं लिहिणार: कशासाठी, कुणाला, कोणत्या तारखेला.

२०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचं आम्ही स्वागत करतो, आणि त्यातली खोट उघड सांगतो. माहिती सांभाळण्यात कसूर करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याला या कायद्यानं भरपाई नाही. सरकारला आपल्याच यंत्रणांना यातून सूट देता येते. आणि याच कायद्यानं माहिती अधिकाराचं कलम बदलून खासगी माहितीच्या नावाखाली अधिकाऱ्यांना दडपादडपीची वाट दिली. आमच्या चळवळीचं नाव घेऊन कुणी कारभार झाकू पाहील, तर आम्ही त्याच्या विरोधात उभे राहू. अनुदान कुणाला मिळालं, किती मिळालं, हे गावाला कळलंच पाहिजे. आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि मोबाइल नंबर मात्र त्या यादीत नकोत.

मुलींविषयी वेगळं बोलायला हवं. मुलीचा फोटो कुणी बिघडवून पसरवला की घरचे तिचा फोन काढून घेतात, काही घरांत शिक्षणही थांबवतात. गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षा तिला, हे आमच्या तालुक्यात चालू देणार नाही. जिची तक्रार असेल तिच्याबरोबर चौकीत आम्ही जाऊ. तिचं नाव आमच्याकडून बाहेर पडणार नाही.

नाव राखणं या भागाला नवं नाही. ‘चले जाव’च्या लढ्यात ३ सप्टेंबर १९४२ रोजी तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला. त्या लढ्यात क्रांतिसिंह नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगत राहिले आणि इंग्रज सरकारच्या हाती लागले नाहीत, कारण गावोगावच्या माणसांनी त्यांचा ठावठिकाणा सांगितला नाही. भाकरी देणाऱ्या बाईला ठाऊक होतं, गुराख्याला ठाऊक होतं, पण ते गावाबाहेर गेलं नाही. आज प्रत्येक जण आपापला फोन घेऊन एकटाच चोराशी झुंजतोय, आणि चोर मात्र टोळीनं येतो.

तेव्हा तासगाव, सावळज, मणेराजुरी, येळावी, विसापूर, कवठेएकंद, जिथं माणसं उभी राहतील तिथं आम्ही गट करू. झेरॉक्सवाल्यांना आणि केंद्रचालकांना भेटून रोज संध्याकाळी लोकांच्या फाइली पुसायला सांगू. जे पुसतील त्यांच्या दुकानावर तशी पाटी लावू आणि आमची कामं तिथंच नेऊ. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते दिसतं. आठवडी बाजाराच्या दिवशी बसून ते प्रत्येकाला दाखवू, अनोळखी नंबर निघाला तर तिथंच तक्रार करू. लग्नपत्रिका किंवा पीएम किसानच्या नावानं फोनमध्ये ॲप घुसवणारी ‘एपीके’ फाइल आली, तर ती न उघडता पुसायची, हे शाळेतल्या मुलांकडून आजीआजोबांपर्यंत पोचवू.

आणि येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावात एकच ठराव मांडू: ग्रामपंचायत, सोसायटी आणि शाळा यांनी कामापुरतीच माहिती मागावी, ती कुठं ठेवतात आणि कधी नष्ट करतात हे फलकावर लिहावं, आणि कुणाचाही आधार वा खाते क्रमांक ग्रुपवर टाकू नये. ठराव मांडायला गावातला कुणीही मतदार चालतो. मंजूर झाल्यावर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून सहीशिक्क्याची नक्कल घ्यायची आणि ती तासगावच्या तहसील कचेरीत देऊन पोच घ्यायची.