आधी बर्फाची खोली, मग ऑफिसचा एसी



येत्या सर्वसाधारण सभेत सोसायटीच्या इमारतीचा विषय येणार आहे. ऑफिस वाढवायचं, समोर काच लावायची, आत एसी बसवायचा आणि वर सोलर घालायचं, असा प्रस्ताव आहे. सोलर घातलं म्हणजे पर्यावरणाचंही काम झालं, असं काही सभासद म्हणतात. आम्ही सोलरच्या विरोधात नाही. पण पैसे आधी कुठे घालायचे याबद्दल आमचं मत वेगळं आहे. सभेत घाईत बोलण्यापेक्षा ते आधीच तुमच्यासमोर ठेवतो.

होडीत पाणी शिरत असेल तर आपण आधी भोक बुजवतो. भोक तसंच ठेवून मोठा पंप कोणी विकत आणत नाही. इमारतीचंही तसंच आहे.

आपलं सगळ्यात मोठं भोक म्हणजे बर्फाची खोली. एक टन लादीचा बर्फ तयार करायला आपल्या गरम हवेत साधारण ५० ते ७० युनिट वीज लागते. खोलीच्या भिंती साध्या, दार खाली उतरलेलं, दाराचं रबर कधीचं फाटलेलं. बाहेरची गरम हवा दिवसभर आत जाते आणि बर्फ गटारात जातो. बर्फ गटारात गेला म्हणजे वीजच गटारात गेली.

आता साधा हिशेब बघा. ३ किलोवॅटचं सोलर चांगल्या उन्हात दिवसाला साधारण १२ युनिट देतं. आपण दिवसाला २०० किलो बर्फ वितळण्यापासून वाचवला तर १० ते १४ युनिट वाचतात. म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखंच. फरक इतकाच की सोलर पावसात कमी काम करतं आणि रात्री करतच नाही, आणि पफचे पॅनेल, नवीन रबर, दारावर प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा हे रात्रंदिवस काम करतात. शिवाय देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे आजही साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. न वापरलेल्या युनिटचा धूर होत नाही. दाराच्या रबराला कोणी नारळ फोडत नाही, फोटो काढत नाही, म्हणून हे काम मागे राहतं, एवढंच.

दुसरी गोष्ट विक्रीच्या शेडची. वर पत्रा, खाली सिमेंट. अकरा वाजल्यानंतर तिथे पाच मिनिटं उभं राहून बघा. आपल्या बायका तिथे तीन-चार तास बसतात. बर्फ पाटीवर घालता घालता पाणी होतो, मग त्या दुसऱ्यांदा बर्फ विकत घेतात. तोही वेळेवर मिळाला नाही तर मासळी पडेल भावाने काढतात. पत्रा तापतो त्याचे पैसे त्यांच्या कमरेच्या पिशवीतून जातात. ऑफिसात एसी आणि शेडमध्ये भट्टी, हे आम्हाला पटत नाही.

यावर उपाय महाग नाही. पत्र्यावर उन्हं परतवणारा पांढरा रंग आणि वर गरम हवा निघायला झरोके. खाली दोन-चार अंशांचा फरक पडतो. तेलंगण सरकारने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं, अहमदाबादेतही वस्त्यांमधल्या घरांची छतं पांढरी केली आहेत. आपल्याकडे अडचण शेवाळाची. पावसानंतर पांढरा काळा होतो, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी हात मारावा लागेल. ते काम पाऊस सरल्यावर, सुक्या दिवसांत करायचं. आणि घरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते कोरडे घासू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ छातीला वाईट.

तिसरी गोष्ट आपल्या घरांची. २०२४ पासून पीएम सूर्यघर योजना आहे. घरावरच्या १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. ज्यांचं स्वतःचं स्लॅबचं घर आणि आपल्या नावाचं वीज कनेक्शन आहे त्या होडीमालकांनी जरूर घ्यावं. फक्त फ्रेम चांगल्या गॅल्वनाइज्ड लोखंडाची घ्या, खारा वारा साधं लोखंड खाऊन टाकतो. आणि बोल्ट पक्के करून घ्या. २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते कोणी विसरलेलं नाही.

पण ज्यांचं छप्पर स्वतःचं नाही त्यांचं काय? भाटकाराच्या जमिनीवरचं मुंडकाराचं घर, कागद अजून नावावर नाहीत. भाड्याच्या खोलीत राहणारी विधवा. ट्रॉलरवरचे खलाशी, एका खोलीत सहा-सहा जण. ही योजना त्यांच्यापर्यंत पोचत नाही. खोलीचं तर असं आहे की पंखा मालकाने घ्यायचा आणि बिल खलाशाने भरायचं, म्हणून मालक स्वस्तातला जुना पंखा लावतो. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवीन बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास चालला तर महिन्याला १६ युनिट वाचतात. आम्ही होडीमालकांना हात जोडून सांगतो, खलाशांची खोली तुमची असेल तर हा पंखा तुम्ही लावा. थकलेला माणूस रात्री नीट झोपला तर दुसऱ्या दिवशी जाळं नीट ओढतो. त्यात तुमचाच फायदा आहे.

कोणी म्हणेल, आपला खरा धूर इंजिनाचा, एक लिटर डिझेलला अडीच किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड. खरं आहे. त्यावर वेगळं बोलूच. पण इंजिन बदलायला लाखो रुपये लागतात, दाराचं रबर या महिन्यात बदलता येतं.

आणि ऑफिस वाढवायचंच असेल तर जमेल तिथे चिरे वापरूया. चिरा खाणीतून कापून येतो, भट्टीत भाजावा लागत नाही. सिमेंट मात्र चुनखडी भट्टीत भाजून होतं, त्यात कोळसाही जळतो आणि दगडातूनही वायू निघतो. लागेल ते सिमेंट स्लॅगचं घेऊया. त्यात भाजलेला माल कमी असतो आणि खाऱ्या हवेत आतली सळी जास्त टिकते. समोर काच नको, पडवी करूया. पश्चिमेचं ऊन काचेतून आत घ्यायचं आणि मग एसीने बाहेर काढायचं, हा उद्योग कशाला?

म्हणून सभेत आम्ही हा क्रम मांडणार आहोत. पहिली बर्फाची खोली. दुसरी बायकांची शेड. तिसरं, ज्यांना योजना मिळत नाही अशा सभासदांच्या छपरांना रंग आणि पंख्यासाठी सोसायटीतून बिनव्याजी हप्ते. चौथं सोलर, आणि त्याची वीज आधी बर्फाच्या खोलीला. पैसे उरले तर ऑफिस.

तुम्हाला हे चुकीचं वाटत असेल तर सभेत उठून सांगा, आम्ही ऐकू. मासळी विकणाऱ्या बायकांनी तर यावंच, सभासद नसल्या तरी. त्या शेडमध्ये आम्ही बसत नाही, त्या बसतात. आधी त्यांनी बोलावं, मग मत घेऊया.