भिंतींना कान असावेत

बँकेच्या फोर्टमधल्या शाखेत होतो, तेव्हा जहांगीर आर्ट गॅलरीवरून रोज जाणे-येणे होते. १९५२ साली सुरू झालेल्या त्या वास्तूत मी पहिल्यांदा शिरलो, तो मात्र चित्रांसाठी नव्हे, पाऊस चुकवायला! प्रवेश मोफत, तरी चोरासारखा कोपऱ्यात उभा होतो. इथे बोलायचे नसते, हे कोणी न सांगताच कळले होते. चित्रांनी भिंतीवर गप्प राहावे आणि कवितेने पुस्तकात, अशी आपण वाटणीच करून टाकली आहे.

ही वाटणी मोडणारी एक रात्र ७ ऑक्टोबर १९५५ची. सॅन फ्रान्सिस्कोतली सिक्स गॅलरी ही मूळची मोटारदुरुस्तीची जागा. तिथे त्या रात्री पाच कवींनी कविता वाचल्या. सूत्रे केनेथ रेक्सरॉथकडे होती. श्रोत्यांत बसलेला जॅक केरुआक आरडाओरडा करून दाद देत होता. एकोणतीस वर्षांच्या ॲलन गिन्सबर्गने 'हाउल'चा पहिला भाग तिथे प्रथमच जाहीरपणे वाचला. १९५६मध्ये पुस्तक निघाले, १९५७मध्ये त्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि पुस्तक निर्दोष ठरले. हाच गिन्सबर्ग १९६२ साली मुंबईत आला, तेव्हा आपल्याकडचे तरुण कवीही त्याला भेटले.

कविता कागदावर आधीच होती. मग त्या रात्री निराळे काय घडले? समोर माणसे होती, आणि तीही हाताच्या अंतरावर. नाट्यगृहात प्रेक्षक अंधारात सुरक्षित असतो, नट उजेडात. गॅलरीत दोघेही एकाच उजेडात उभे. कवीचा घसा कोरडा पडला तर तो दिसतो. ऐकणाऱ्याचे डोळे भरले तर तेही दिसतात.

आपल्याला हे नवे वाटायचे कारण नाही. नाथांचे भारूड सोंग घेऊनच रंगते, कीर्तनकार अभंग उभ्याने सांगतो, शाहिराचा पोवाडा डफावाचून उभा राहत नाही. कवितेला अंग होते, आवाज होता. ती मुकी झाली ती आपण सुशिक्षित झाल्यावर!

मात्र धूर, रंगीत दिवे आणि पार्श्वसंगीत यांच्या गर्दीत शब्दच ऐकू येईनासा झाला, तर तो कवितेचा सन्मान नव्हे. तिला दागिने नकोत, जागा हवी. गॅलऱ्यांनी महिन्यातली एक संध्याकाळ तिला द्यावी, आणि आपणही मुलाबाळांना घेऊन जावे. कळले नाही तरी चालेल. ऐकायची सवय तर लागेल.

व्हाउचरच्या पाठीवर मीही कधीकाळी कविता लिहीत असे. एकही कोणापुढे वाचली नाही. पुढे कादंबऱ्या लिहिल्या, कारण कादंबरी घरी बसून लिहिता येते आणि वाचणाराही आपापल्या घरी असतो. बँकेच्या भाषेत, ते कवितेचे खाते निष्क्रिय पडून राहिले. परवा नातीने तिच्या कवितांची वही दाखवली. 'छान आहे,' म्हणून मी ती मिटणार होतो. मिटली नाही. म्हटले, 'उभी राहा, मोठ्याने वाच.'

ती लाजली, पण उभी राहिली.