स्ट्रीक तुटली? तुटू दे!

एक जानेवारीला डाउनलोड, पंधराला नोटिफिकेशन बंद, फेब्रुवारीत अनइन्स्टॉल. हेल्थ अ‍ॅप्सशी माझं नातं एवढंच! कॅलरी मोजणारं झालं, पाण्याची आठवण करणारं झालं, झोप मोजणारंही झालं. मिसळीत फरसाण नक्की किती, हे टाइप करेपर्यंत तर्री गार व्हायची. तुमचंही असंच होतं ना?

पण एक स्टेप काउंटर मात्र दोन वर्षं फोनमध्ये टिकून आहे. का बरं?

एक तर, मी दहा हजारांचा नाद सोडला. १९६५मध्ये जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मीटर’. थोडक्यात, मार्केटिंग! २०१९मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली यांच्या टीमने वयस्कर अमेरिकन महिलांचा अभ्यास केला. त्यात साधारण साडेसात हजारांनंतर जादा फायदा दिसला नाही. चला, तेवढं तर झेपतं.

दुसरं म्हणजे स्ट्रीकचं टेन्शन. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या २००९च्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. रेंज मात्र १८ ते २५४! आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. अ‍ॅप मात्र एका खाड्यात थेट शून्यावर आणतं. मग आपण रुसतो आणि डिलीट करतो.

पण खरं कारण आहे, बाबा. अँजिओप्लास्टीनंतर साताऱ्यात त्यांनीही तेच अ‍ॅप घेतलं. मी पुण्यात. रोज फोन कुठे होतो? पण सकाळी आठला त्यांची तीन हजार पावलं दिसली, की माझा चहा गोड लागतो. रात्री त्यांचा मेसेज येतो, “काय गं, आज दिवसभर रिक्षाच का?”

गेल्या महिन्यात एकदा साडेनऊ वाजले तरी शून्य. हात थरथरतच मी फोन लावला. आईने उचलला. “अगं, बाबा फिरायलाच गेलेत. फोन इथे चार्जिंगला आहे.”

संध्याकाळी बाबांचा मेसेज आला, “मी चाललो होतो. अ‍ॅपला सांग.”

त्या दिवशी त्यांची स्ट्रीक तुटली. दुसऱ्या दिवशी आठला, तीन हजार दोनशे!