वेगाला कराराचा लगाम हवा

माधवनगरहून पुण्याचे हवाई अंतर सुमारे 200 किलोमीटर. ब्रह्मोस क्षेपणास्त्र ते साडेतीन मिनिटांत कापील. भारत व रशिया यांनी मिळून घडविलेल्या, ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगाच्या या अस्त्राची पहिली चाचणी 12 जून 2001 रोजी झाली. त्याचे सांगाडे विक्रोळीच्या कामगारांनी घडविले. ते वाहून नेणारे सुखोई विमान ओझरच्या कारखान्यात सिद्ध झाले. या कौशल्याचा अभिमान रास्तच आहे.

परंतु शस्त्राचा वेग वाढतो, तसा विचाराचा अवधी आटतो. 9 मार्च 2022 रोजी असेच एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. सरकारने चूक जाहीर केली 11 मार्चला. पुढे तीन अधिकारी बडतर्फ झाले. जीवितहानी टळली, पण दोन अण्वस्त्रधारी राष्ट्रांनी केवळ सुदैवावर विसंबावे काय?

चाचणीच्या पूर्वसूचनेचा 2005 चा करार बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता आहे. अपघाताची सूचना देण्याचा 2007 चा करार अण्वस्त्रांपुरता. क्रूझ क्षेपणास्त्रे दोहोंच्या कक्षेबाहेर राहिली. शत्रूशी करार कसला, असे विचारणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की अणुकेंद्रांच्या याद्या उभय देश 1992 पासून दर 1 जानेवारीला एकमेकांना देत आले आहेत. मे 2025 च्या संघर्षानंतर ही निकड अधिकच वाढली आहे. चुकून सुटलेल्या क्षेपणास्त्राची खबर तत्काळ देण्याचे बंधन उभयपक्षी स्वीकारले जावे, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगावच्या सभांतून लावून धरली पाहिजे. यात दुबळेपणा नाही; सामान्य माणसाच्या जिवाची चाड आहे.